सीएनसी बांबू, थ्रीडी प्रिंटेड माती... घरात टिकतं का आणि खरंच नैसर्गिक असतं का?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या टूबीएचकेचं इंटीरियर करायला काढलंय. डिझायनर मुलगी हुशार आहे, कामाची आवड आहे तिला, आणि तिने सगळं "नॅचरल मटेरियल, डिजिटल फॅब्रिकेशन" या थीमवर सुचवलंय. म्हणजे हॉल आणि डायनिंगच्या मध्ये बांबू बोर्डची सीएनसीवर (म्हणजे कॉम्प्युटरच्या ड्रॉइंगवरून चालणाऱ्या मशीनवर) कापलेली जाळी, टीव्हीच्या भिंतीला थ्रीडी प्रिंट केलेल्या मातीच्या टाइल्स, आणि वरती "लाकडाचे" थ्रीडी प्रिंटेड लॅम्प. ड्रॉइंग बघून मी प्रेमातच पडले, खोटं का बोला.

पण सासूबाईंना दमा आहे. मागच्या भाड्याच्या घरात नवीन कपाट आणलं होतं तेव्हा त्या वासाने महिनाभर त्यांना त्रास झाला होता, म्हणून या वेळी मला नुसतं दिसायला नैसर्गिक नकोय, खरंच नैसर्गिक हवंय. आणि पावसाळ्यात पुण्यात भिंतींना ओल येते, बांबूला बुरशी लागेल का, माती झडेल का, हे प्रश्न आहेतच. खर्च साध्या प्लाय-लॅमिनेटपेक्षा बराच जास्त येतोय. ज्यांनी हे काम केलंय किंवा घरात वापरलंय त्यांनी प्लीज सांगा, यातलं काय ठेवू आणि काय काढू? आणि मशीनवर कापलं म्हणून ते टिकाऊ किंवा पर्यावरणाला चांगलं कसं होतं हेही मला नीट कळलेलं नाही.

रेघोटी_इंटीरियर्स

मृण्मयीताई, मी इंटीरियरच करते, पुण्यातच. तुमच्या घरात दम्याचं माणूस आहे म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारा, गोंद कुठला? बांबू, लाकूड, उसाची बगॅस, भाताचा तूस, काहीही घ्या, त्याची शीट बनवायची म्हटली की ती चिकटवावी लागते आणि वास येतो तो त्या चिकटवण्याचा. स्वस्तातल्या एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमध्ये, म्हणजे लाकडाचे तंतू-भुसा दाबून केलेल्या बोर्डांत, बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, त्यातलं फॉर्मल्डिहाइड नवीन असताना हवेत सुटत राहतं, गरम आणि दमट हवेत तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, त्यामुळे ही काही उगाच घाबरवण्याची गोष्ट नाही. बगॅस बोर्ड आपल्याकडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कित्येक वर्षं बनतोय, कच्चा माल एकदम छान, उसाचा रस काढून उरलेला चोथा, पण गोंद तोच असेल तर तुमच्या सासूबाईंसाठी तो आणि एमडीएफ सारखेच.

बांबू बोर्ड घेताना डीलरकडून एमिशन ग्रेड, म्हणजे बोर्डातून किती फॉर्मल्डिहाइड सुटतं त्याचा दर्जा, लेखी घ्या, ई-वन किंवा ई-झिरो. तोंडी "मॅडम, इकोफ्रेंडली आहे" यावर जाऊ नका. आणि शीटचा तुकडा मागून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, संध्याकाळी उघडून हुंगा. ही काही लॅब टेस्ट नाही, पण नाकाला लगेच कळतं.

आता लॅम्पचं. थ्रीडी प्रिंटरमध्ये घालायची तार "वुड फिलामेंट" म्हणून जी विकतात ते लाकूड नसतं हो, ते पीएलए नावाचं प्लास्टिक असतं, मक्याच्या वगैरे स्टार्चपासून बनवलेलं, त्यात थोडा लाकडाचा भुसा. बहुतेक वेळा भुसा अर्ध्याहून कमीच. स्टार्चपासून बनतं ही गोष्ट चांगलीच आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये, पण ते घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये कुजत नाही, त्याला मोठ्या प्लांटमधली साठेक डिग्रीची उष्णता लागते. आणि तेवढ्याच उष्णतेला ते मऊही पडायला लागतं, म्हणून त्यात एलईडीच लावा, आणि पश्चिमेच्या खिडकीत लटकवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात वाकतं.

अजून एक. सध्या दुकानात "चारकोल पॅनेल" म्हणून जे थ्रीडी डिझाइनचे पॅनेल मिळतात ते कोणी नॅचरल म्हणून माथी मारत असेल तर घेऊ नका. त्यातलं मुख्य मटेरियल प्लास्टिक असतं. डब्ल्यूपीसीचं (वुड प्लास्टिक कॉम्पोझिट) पण तसंच, नावात वुड आहे म्हणून फसायचं नाही.

राउटरवाला_सांगली

आमचं सीएनसी राउटरचं वर्कशॉप आहे, लाकूड, प्लाय, बांबू बोर्ड सगळं कापतो. तुमचा शेवटचा प्रश्न मला फार आवडला, मशीनवर कापलं म्हणून चांगलं कसं. खरं सांगू का, नुसतं कापलं म्हणून काहीच चांगलं होत नाही, मशीन काय एमडीएफ पण कापतंय आणि बांबू पण कापतंय.

जाळीचंच घ्या. आठ बाय चार फुटांची शीट मशीनच्या बेडवर टाकायची आणि त्यातून डिझाइन कोरून काढायचं, हे सगळीकडे चालतं. पण डिझाइन मोकळं असलं की अर्ध्याहून जास्त शीट भुसा नाहीतर बारक्या तुकड्यात जाते. म्हणजे बांबू लावला शेतकऱ्याने, तोडला, चिरला, पट्ट्या केल्या, चिकटवल्या, शीट केली आणि शेवटी निम्मी आमच्या डस्ट कलेक्टरच्या पोत्यात. मला स्वतःला हे बघवत नाही. वर आणि शीटमधल्या पट्ट्या एका दिशेने असल्या तर आडव्या बाजूला जाळीचा जो बारीक भाग राहतो तो तुटतो, लहान पोरगं लटकलं की कट्ट. म्हणून मग डिझाइन जाड करायला लागतं आणि ती नाजूकपणाची मजा जाते.

त्यापेक्षा तुमच्या डिझायनर ताईंना असं सांगा की जाळी कोरायची नाही, जोडायची. बांबूच्या किंवा सागाच्या लांब पट्ट्या घ्यायच्या, मशीनवर प्रत्येक पट्टीला अर्ध्या रुंदीपर्यंत खोल खाचा मारायच्या आणि एकमेकीत बसवायच्या. खाचेचं तोंड पट्टीच्या जाडीपेक्षा केसभर मोठं ठेवायचं, साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे हाताने दाबून बसते, पावसाळ्यात थोडी फुगून घट्ट होते आणि गोंद लागत नाही. एकच थेंब नाही. हे काम जुना सुतार हाताने पण करत होता, पण शेकडो खाचा एकसारख्या मारायच्या म्हटलं की आज त्याची मजुरी कुणालाच परवडत नाही, तिथं मशीनचा खरा उपयोग आहे. गोंद नाही म्हणजे वास नाही. घर बदललं की जाळी सोडवून बांधून न्या, एक पट्टी मोडली तर तेवढीच बदला, फाइल आमच्याकडे असतेच. वेस्टेज पण अगदी थोडं.

एक बारीक गोष्ट, राउटरचं बिट, म्हणजे कापणारं पातं, गोल फिरतं त्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनात निघत नाही, सहा एमएमचं बिट असेल तर तीन एमएमची गोलाई राहते. खाच पूर्ण बसायची तर कोपऱ्यात जरा जास्त आत कापून घ्यावं लागतं, ते ड्रॉइंगमध्येच दाखवायला सांगा, नाहीतर साइटवर कारपेंटर पटाशी घेऊन बसतो आणि मशीनचा सगळा नेमकेपणा वाया. आणि बांबूच्या सालीत सिलिका असते, बिटची धार लाकडापेक्षा लवकर जाते, म्हणून बांबूचा रेट जास्त सांगितला तर तो फसवतोय असं समजू नका. लेझरवर कापायला देऊ नका, कडा काळ्या पडतात आणि जळका वास बरेच दिवस जात नाही, तुमच्या घरात तर नकोच.

माणगा_कुडाळ

सांगलीकर दादांशी शंभर टक्के सहमत. मी सिंधुदुर्गात बांबूची शेती आणि थोडं फर्निचरचं काम करतो. आमच्याकडे माणगा नावाची जात आहे, सरळ वाढते, काटे नाहीत आणि आतून जवळपास भरीव, पोकळी अगदी थोडी. इंटीरियरच्या कामाला यासारखा बांबू नाही. पुण्यामुंबईत बांबू बोर्ड म्हणून जे येतं ते बऱ्याचदा परदेशातून आलेलं असतं, म्हणजे समुद्रावरून बोटीत बसून आलेला बांबू आपण पर्यावरणाच्या नावाने घरात लावणार आणि दोन-तीनशे मैलांवर आमच्या बांधावर माणगा उभाच. डीलरला माल कुठून आला हे जरूर विचारा. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याला तोडायची आणि न्यायची कटकट खूप कमी झालीय, त्यामुळे आपल्याच राज्यातला माल मिळणं आता अवघड नाही.

बुरशी आणि भुंग्याचं विचारलंत. बांबूत स्टार्च असतो, भुंगा त्यासाठीच येतो. तीन वर्षांच्या वरची काठी, पाऊस संपून थंडी पडल्यावर तोडलेली, ही पहिली अट. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू कितीही पॉलिश करा, वर्षभरात खालच्या फरशीवर पिवळी पावडर पडायला लागते. दुसरी अट बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात ट्रीटमेंट. ते मीठ पावसात धुऊन जातं म्हणून बाहेरच्या कामाला पुरत नाही, पण घराच्या आत उत्तम चालतं, आणि जुन्या विषारी ट्रीटमेंटपेक्षा माणसाला खूपच सौम्य. ट्रीटमेंटनंतर सावलीत नीट वाळवायला वेळ द्यायला लागतो, घाईत दिलेला ओला माल एसीच्या खोलीत गेला की फाटतो, आवाज येतो अक्षरशः.

आणि हो, गोल बांबू सीएनसीवर घालू नका. प्रत्येक काठीची जाडी वेगळी, पेर वेगळं, मशीनला सगळं एकसारखं लागतं आणि बांबू कधीच एकसारखा नसतो. आम्ही काय करतो, साचा मशीनवर कापून घेतो. लॅम्पची किंवा खुर्चीच्या पाठीची वळणदार कड कॉम्प्युटरवर काढायची, तो साचा प्लायमधून कापून आणायचा, आणि बांबूच्या ओल्या कांबी गरम करून त्या साच्यावर वाकवून बांधायच्या. एकच साचा वर्षानुवर्षं चालतो. गावातल्या बुरुड कारागिराचा हात आणि कॉम्प्युटरची रेघ, दोन्ही त्यात येतं, आणि त्याला कामही मिळतं. मृण्मयीताई, तुमचे ते प्लास्टिकचे लॅम्प काढून टाका आणि त्याच ड्रॉइंगवरून हे करून घ्या, माझी हात जोडून विनंती आहे.

चाक_नागपूर

मातीच्या टाइल्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मी टेराकोटाचं काम करतो, मातीचा थ्रीडी प्रिंटर पण वापरलाय.

आधी जगात काय चाललंय ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. इटलीत वास्प नावाची कंपनी आहे, त्यांनी २०१८ मध्ये गाया नावाचं छोटं घर प्रिंट केलं, मिश्रणात २५ टक्के तिथलीच माती, ४० टक्के भाताचा पेंढा, २५ टक्के भाताचा तूस आणि १० टक्के चुना. हे वाचून आपल्याला नवीन काय वाटणार, आपल्या आज्या माती-तूस-शेण कालवूनच भिंती लिंपायच्या. मग २०२१ मध्ये त्यांनी मारिओ कुचिनेल्ला या आर्किटेक्टबरोबर टेक्ला केलं, दोन प्रिंटर एकाच वेळी चालवून, १२ मिलिमीटरचे ३५० थर, २०० तास. ती घरं मातीचीच, न भाजलेली. माझ्या मते मातीची प्रिंटिंग तिथं खरी शोभते, जिथं भिंतच मातीची आहे आणि आतल्या पोकळ्या, वळणं हाताने करता येणार नाहीत.

पण तयार फ्लॅटमध्ये आरसीसी आणि ब्लॉकची भिंत आधीच उभी आहे. तिच्यावर प्रिंटेड टाइल म्हणजे काय, तर एकेक टाइल थराथराने पडणार, त्याला वेळ, मग हळूहळू वाळवायची, पावसाळ्यात तर बाहेरून कोरडी आणि आतून ओली राहते आणि भट्टीत फुटते. वाळताना आणि भाजताना मिळून मातीप्रमाणे आठ-दहा टक्के आकसते, एकसारखी आकसेल याची खात्री नाही, मग सांधे जुळत नाहीत. आणि भट्टीत हजार डिग्रीच्या आसपास जायचं म्हणजे इंधन आलंच. एकसारख्या टाइल्सचीच भिंत करायची असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? एक टाइल प्रिंट करा, तिच्यावरून पीओपीचा साचा काढा, आणि कुंभाराकडून त्या साच्यात दाबून बाकीच्या करून घ्या. आकसण्याचा हिशोब पहिल्याच टाइलमध्ये धरायचा, ती तेवढी मोठी काढायची. डिझाइन तेच, खर्च पुष्कळ कमी, आणि मोडली तर दुसरी लगेच होते.

कॉम्प्युटरचा आणि कुंभाराचा मेळ कसा घालावा याचं चांगलं उदाहरण बघायचं तर दिल्लीच्या अँट स्टुडिओने नोएडातल्या एका कारखान्यात केलेला बीहाइव्ह बघा. मातीच्या नळकांड्या हातानेच केलेल्या, पण त्यांची मांडणी आणि हवा कशी वाहील हे कॉम्प्युटरवर काढलेलं. वरून पाणी सोडायचं आणि मागून येणारी गरम हवा त्यातून गार होऊन बाहेर पडते, माठाचंच तत्त्व. पण हे कोरड्या हवेचं काम आहे बरं, आमच्या विदर्भातल्या मे महिन्यात मस्त चालेल, मुंबईत किंवा कोकणात हवेतच पाणी भरलेलं, तिथं काय गार होणार. कोणी मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे करायला सांगत असेल तर नाही म्हणा.

निनाद_श्टुटगार्ट

मी इथे जर्मनीत लाकडाच्या बांधकामात काम करतो. तुमची चर्चा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली.

लाकूड वाळताना वाकतं हा आपल्याकडच्या सुताराचा कायमचा वैताग, फळी सकाळी सरळ आणि महिन्याने वाकडी. इथल्या विद्यापीठातल्या लोकांनी तेच वापरायचं ठरवलं. श्टुटगार्टजवळ उरबाखला २०१९ मध्ये १४ मीटर उंचीचा लाकडी मनोरा उभा केला, त्याचे १२ वळणदार भाग आहेत आणि ते कुठल्याही प्रेसमध्ये दाबून वाकवलेले नाहीत. लाकडाच्या रेषांची दिशा वेगवेगळी ठेवून थर सपाट असतानाच चिकटवले, ओलाव्याचा हिशोब कॉम्प्युटरवर केला, आणि वाळताना लाकूड आपणहून हव्या तेवढ्या वळणात आलं. मी तो मनोरा जवळून पाहिलाय, कडेला हात लावला की थरांची रेघ नुसती बोटाला लागते, आणि वळण इतकं सहज की कुणी जबरदस्ती केली असं कुठे वाटतच नाही. त्याच मंडळींनी सपाट पॅकमध्ये घरी येऊन वाळत वाळत स्वतःच आकार घेणारी खुर्चीही करून दाखवलीय. उरबाखच्या थरांना गोंद आहे, त्यामुळे गोंद अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, पण मटेरियलच्या स्वभावाशी भांडायचं नाही ही गोष्ट मला त्यात फार मोलाची वाटते. सांगलीकरांची पावसाळ्यात घट्ट होणारी खाच त्याच जातीची आहे.

आणि अशा कामासाठी युरोपकडेच बघायला हवं असं अजिबात नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशा डिजिटल मशीनची कार्यशाळा आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या बाहेर सगळ्यात आधी सुरू झालेल्यांपैकी. कलबाग सरांनी उभी केलेली संस्था. गावातली मुलं तिथं लेझर कटर आणि बाकी मशीन शिकत आलीयेत. तुमच्या डिझायनरला सांगा, एकदा जाऊन या.

मृण्मयी_कोथरूड

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार! डिझायनरला हा धागाच पाठवला, तिला खाचांच्या जाळीची कल्पना इतकी आवडली की तिने नवीन ड्रॉइंग सुरू पण केलं. बोर्डाऐवजी माणग्याच्या पट्ट्या होतील का ते कुडाळकर दादांना मेसेज करून विचारते. टीव्हीची भिंत आता टाइल्सऐवजी माती-चुन्याच्या गिलाव्याची करावी असं वाटतंय, फक्त त्याची धूळ झडेल का ही भीती आहे. आणि जाळीला पॉलिश कुठलं करू? पीयू (पॉलीयुरेथेन) नको वाटतं वासामुळे. तिने मायसेलियमचे, म्हणजे बुरशीपासून वाढवलेले साउंड पॅनेल पण सुचवलेत, त्याचं काय?

चाक_नागपूर

धूळ झडते ती मिश्रणात बाइंडर कमी पडला की. शेवटच्या हाताला तांदळाची किंवा मैद्याची पातळ खळ मारतात, नाहीतर चुना नीट मुरलेला घ्या. मुख्य म्हणजे बाहेरून ओल येणाऱ्या भिंतीवर हे करूच नका, आधी बाहेरचं वॉटरप्रूफिंग. खळ मारलेल्या भिंतीला ओल लागली की बुरशी येणारच, आणि दम्याला ती वाईटच. आतली पार्टिशनची भिंत असेल तर बिनधास्त करा.

रेघोटी_इंटीरियर्स

मायसेलियम मटेरियल म्हणून खूप छान आहे. शेतातला काडीकचरा साच्यात भरायचा, त्यात अळिंबीचं बियाणं, काही दिवसांत तंतू सगळा कचरा एकमेकांना बांधून टाकतात, वेगळा गोंद लागतच नाही, मग गरम करून वाढ थांबवायची. न्यूयॉर्कमध्ये २०१४ मध्ये एका म्युझियमच्या अंगणात अशा विटांचे मनोरेच उभे केले होते आणि नंतर ते कंपोस्ट केले. पण नीट भाजलेलं नसेल तर आपल्या पावसाळ्यात पुन्हा ओलावा धरतं, म्हणून तुमच्या घरात बेडरूमला नको, हॉलमध्ये कोरड्या भिंतीवर एखादंच लावून एक पावसाळा बघा, मग पुढचं.

राउटरवाला_सांगली

जाळीला जवसाचं तेल आणि वर मधमाशीच्या मेणाचा हात, बस. कच्चं तेल पावसाळ्यात आठवडे आठवडे वाळत नाही, चिकट राहतं, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. दुकानात "बॉइल्ड" म्हणून मिळतं त्यात लवकर वाळायला केमिकल घातलेलं असतं, सासूबाईंसाठी ते नको. पट्ट्या जोडायच्या आधी सुट्या असताना तेल लावा, फक्त खाचेत जाऊ देऊ नका. पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं. आणि हे नीट लक्षात ठेवा, कारपेंटरलाही बजावून सांगा, तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल हवेत वाळताना गरम होतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेतो, भुशाच्या ढिगाजवळ तर लगेच. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवायची नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. पट्ट्यांची डीएक्सएफ फाइल (मशीनला द्यायचं ड्रॉइंग) झाली की इथंच टाका, खाचांची मापं बघून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.